सिस्टिन चॅपेलची हवा

व्हॅटिकन संग्रहालयाच्या दालनांतून फिरत शेवटी सिस्टिन चॅपेलमध्ये पोहोचलेला प्रेक्षक मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेले छत मान उंचावून पाहत असतो, तेव्हा त्याच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता आणि तासाला अंदाजे ५० ग्रॅम बाष्प त्या हवेत मिसळत असते. अशी २००० माणसे एका वेळी आत उभी राहिली, तर २०० किलोवॅट उष्णता आणि ताशी १०० लिटर पाणी कुठे जाणार, हा तेथील अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न होता.

त्याचे गांभीर्य चित्रांच्या रसायनात आहे. ही चित्रे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत; गिलावा वाळताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि रंगाचे कण त्यातच बंदिस्त होतात. पुढे मात्र गर्दीच्या श्वासातला हाच वायू दमट भिंतीवर पाण्यात विरघळला, की सौम्य आम्ल तयार होऊन कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर पांढुरका थर उरतो. ज्या वायूने चित्र पक्के केले तोच ते झाकोळतो, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते.

१९९३ मधील वातानुकूलन एका वेळच्या ७०० प्रेक्षकांसाठी आखलेले होते, आणि वर्षाची गर्दी ६० लाखांच्या घरात गेल्यावर ते अपुरे पडू लागले. म्हणून २०१४ मध्ये कॅरियर कंपनीने २००० माणसांचा भार पेलणारी यंत्रणा बसवली. कॅमेऱ्यांच्या साहाय्याने गर्दीचा अंदाज घेऊन ती हवेचे प्रमाण बदलते. हवेचा झोत थेट चित्रांवर न येता ती संथपणे खेळत राहावी लागते, आणि ऐतिहासिक वास्तूत नव्या वाहिन्यांसाठी भिंती फोडता येत नाहीत, त्यामुळे हे काम साध्या इमारतीपेक्षा कितीतरी नाजूक ठरते.

त्याच वर्षी सुमारे ७००० एलईडी दिवेही लावले गेले. त्यांच्या प्रकाशात अतिनील किरणे जवळजवळ नसतात आणि वीजही पूर्वीपेक्षा बरीच कमी लागते.

तरीही यंत्राच्या क्षमतेला सीमा आहे. वर्षाला ६० लाखांहून अधिक प्रेक्षक नकोत, ही संग्रहालयाचे तत्कालीन संचालक अंतोनियो पाओलुची यांची भूमिका मला पूर्णपणे पटते. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांतही प्रेक्षकांना थोड्याथोड्या संख्येने आत सोडतात, ते याच उष्णतेच्या आणि दमटपणाच्या धास्तीने.