चेहरा खोटा, ओळखी मात्र खऱ्या

लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-धंद्यातल्या ओळखींच्या साइटवर, केटी जोन्स नावाची एक बाई होती. तिशीतली, वॉशिंग्टनच्या एका नावाजलेल्या थिंक टँकमध्ये (सरकारी धोरणांचा अभ्यास करणारी संस्था) नोकरी, 52 कनेक्शन्स आणि त्यात अमेरिकन सरकारातले अधिकारीसुद्धा. 2019 मध्ये एपी या वृत्तसंस्थेने चौकशी केली तर थिंक टँक म्हणे या नावाचं आमच्याकडे कोणी नाही, आणि तज्ज्ञ म्हणाले फोटो बहुतेक कॉम्प्युटरने बनवलाय.

पूर्वी फेक प्रोफाइलवाले दुसऱ्याचा फोटो ढापायचे, तो गुगलवर उलटा शोधला की मूळ मालक सापडायचा. आता चेहराच नवा कोरा, मग शोधून सापडणार काय? यामागचं तंत्र म्हणजे गॅन, 2014 मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं. त्यात एक प्रोग्राम चेहरे बनवतो, दुसरा खरा की खोटा ते सांगतो, पकडला गेला की पहिला सुधारतो, असं लाखो वेळा. एनव्हिडिया या चिप कंपनीच्या स्टाइलगॅन नावाच्या गॅनला शिकवायला 70,000 फोटो वापरले, ते सगळे आधी डोळे ठरलेल्या जागी येतील असे कापून घेतलेले, त्यामुळे त्यातून निघणाऱ्या चेहऱ्यांचे डोळेही जवळपास त्याच जागी येतात.

त्या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक असलेल्या रेने डिरेस्टा यांना लिंक्डइनवर एका सेल्सवाल्या बाईचा मेसेज आला तेव्हा हेच खटकलं. डोळे बरोब्बर मध्यभागी, एकाच कानात कानातलं, केसांच्या बटा मध्येच गायब होऊन पुन्हा उगवलेल्या. मग त्यांनी आणि सहकाऱ्याने शोध घेतला तर असे 1,000 हून जास्त प्रोफाइल निघाले! बहुतेक विक्रीसाठी, तुम्ही उत्तर दिलं की पुढचं बोलणं खरा सेल्समन करणार.

आणि नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका हं. 2022 च्या एका अभ्यासात लोकांना खरे-खोटे चेहरे ओळखायला दिले, बरोबर उत्तरं 48 टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. वर खोटे चेहरे लोकांना थोडे जास्तच विश्वासू वाटले, कदाचित ते सरासरी चेहऱ्याच्या जवळ जातात म्हणून.

मला जास्त काळजी वाटते ती त्या 52 जणांची. त्यात खरीखुरी माणसं होती, आणि एकाने रिक्वेस्ट घेतली की पुढच्याला वाटतं अरे ही तर आपल्यातल्यांच्या ओळखीची. नव्या एआय टूल्सच्या फोटोत डोळ्यांची ती खूणही राहिलेली नाही, त्यामुळे फोटो न्याहाळत बसण्यापेक्षा कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन लावा आणि विचारा, या नावाचं कोणी तुमच्याकडे काम करतं का.