पोटेमकिनवरचं बंड (१९०५)

पोटेमकिनवरचं बंड म्हणजे झारच्या रशियाच्या काळ्या समुद्रातल्या आरमारात 'क्न्याझ पोटेमकिन ताव्रिचेस्की' नावाची जी नवीकोरी युद्धनौका होती, तिच्यावरच्या खलाशांनी २७ जून १९०५ ला केलेला उठाव. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे, म्हणून तिकडच्या पुस्तकांत हीच तारीख १४ जून सापडते, इथे सगळ्या तारखा नव्या कॅलेंडरच्या आहेत. बोट ११ दिवस खलाशांच्या हातात होती.

अळ्या पडलेल्या मांसावरून बंड झालं एवढं बहुतेकांना माहीत असतं. ते खरंच आहे, पण आरमारात वाईट जेवण काही त्या दिवशी पहिल्यांदा आलं नव्हतं, तेव्हा त्याच दिवशी एवढा भडका का उडाला हे बघायला थोडं मागे जावं लागतं. १८६१ ला भूदासपद्धत (शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीला बांधून ठेवणारी) कागदावर संपली, पण शेतकऱ्याच्या गळ्यात जमिनीचे हप्ते अडकले ते वर्षानुवर्षं, मग पोरं पोटासाठी शहरात, कारखान्यात गेली. २२ जानेवारी १९०५ ला पीटर्सबर्गमध्ये फादर गॅपनच्या मागे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले, सैन्याने त्यांच्यावर गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर देशभर संप सुरू झाले. तेव्हा जपानशी युद्धही चालू होतं, आणि मे महिन्याच्या शेवटी त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं. काळ्या समुद्रातलं आरमार तेवढं शाबूत राहिलं, कारण करारामुळे त्यांच्या युद्धनौकांना तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राबाहेर पडताच येत नव्हतं. नशीबच म्हणायचं.

आणि आरमाराची स्वतःची एक भानगड होती, माझ्या मते खरी मेख हीच. शिडाची जहाजं जाऊन बॉयलर, इंजिनं, वीज, टॉर्पेडो आले, आता नुसता धट्टाकट्टा अडाणी गडी चालेना, मशीन कळणारा, थोडंफार वाचता येणारा माणूस लागायला लागला, म्हणजे भरती कुठून तर कारखान्यांतून. संप काय असतो, पत्रकं काय असतात हे बघून आलेली ही पोरं. त्यांना सात वर्षं बोटीवर कोंडायचं, थोबाडीत मारायचं आणि सगळ्यांसमोर अरे-तुरे करायचं. रशियन भाषेतही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे, ऑफिसर खलाशाला कायम 'तू'च म्हणायचा, आणि १९०५ मध्ये सैनिक-खलाशांच्या मागण्यांत पगार-जेवणाच्या सोबतीने 'आम्हाला तुम्ही म्हणा' हीसुद्धा मागणी असायची. (१९१७ च्या मार्चमध्ये पेट्रोग्राड सोव्हिएतने (पीटर्सबर्गमधल्या कामगार-सैनिकांच्या परिषदेने) जो आदेश क्रमांक १ काढला त्यात हे अरे-तुरे चक्क बंद केलं.) सेवास्तोपोलमध्ये, म्हणजे या आरमाराच्या मुख्य तळावर, 'त्सेंत्राल्का' नावाची खलाशांची गुप्त समाजवादी संघटना होती आणि उन्हाळ्याच्या सरावात सगळ्या बोटींनी एकदम उठायचं असा तिचा प्लॅन होता. पोटेमकिनवरचा वाकुलेंचुक हा गनर याच मताचा होता, थांबा, सगळे मिळून करू.

थांबणं काही झालं नाही. बोट तेंद्रा बेटापाशी तोफांच्या सरावासाठी उभी होती, ओडेसाहून बीफ आणलं ते डेकवर टांगलेलं, त्यात अळ्या वळवळत होत्या. बोटीचा डॉक्टर स्मिर्नोव येऊन बघून गेला आणि म्हणाला काही झालेलं नाही, धुऊन घ्या. त्याच मांसाचं बोर्श्ट, म्हणजे बीट घातलेलं आंबटसर सूप, दुपारी केलं, त्याला कुणी तोंड लावलं नाही, लोकांनी नुसता पाव खाल्ला. कॅप्टन गोलिकोवने सगळ्यांना डेकवर उभं केलं, खाणार ते इकडे या म्हणाला, गोंधळ वाढला, त्याच्या हाताखालचा गिल्यारोव्स्की काही जणांना बाजूला काढायला लागला, पहारेकरी आणि ताडपत्री (गोळ्या घालताना डेक रक्ताने खराब होऊ नये म्हणून अंथरतात तशी) मागवली. ताडपत्री कशाला, खरंच गोळ्या घालायला की नुसती धमकी, यावर आजही वाद आहे, पण खलाशांनी घ्यायचा तो अर्थ घेतला आणि बंदुका उचलल्या. वाकुलेंचुकला गिल्यारोव्स्कीची गोळी लागली, त्यातच तो गेला. गिल्यारोव्स्की, कॅप्टन, डॉक्टर धरून सात ऑफिसर मारले गेले, आणि टॉर्पेडो विभागातला मात्युशेंको पुढारी झाला. खलाशांची कमिटी बसली, लाल झेंडा चढला.

संध्याकाळी बोट ओडेसाला आली, तिथे आधीच संप पेटलेला. वाकुलेंचुकचं प्रेत धक्क्यावर ठेवलं, वर चिठ्ठी, की बोर्श्ट चांगलं नाही एवढं म्हटलं म्हणून याला मारलं. बघायला हजारो लोक लोटले. रात्री बंदरात लुटालूट, आग, आणि सैन्याने गर्दीवर गोळीबार केला, मेलेल्यांचे आकडे जो तो वेगळे देतो, पण शेकड्यांच्या खाली कुणी येत नाही. लोकांच्या डोक्यात ओडेसाच्या पायऱ्यांवरून गडगडणारी जी बाबागाडी बसली आहे ती मात्र या बंडावरच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या १९२५ च्या मूकपटातली. बोटीने शहरावर दोन खरे तोफगोळे टाकले, दोन्ही नेम चुकले.

३० जूनला जे झालं ते मला सगळ्यात भारी वाटतं. व्हाइस ॲडमिरल क्रीगर पाच युद्धनौका घेऊन बंड मोडायला आला आणि पोटेमकिन पळायचं सोडून सरळ त्यांच्या मधून गेली, तोफा रोखलेल्या, एकही गोळा सुटला नाही, कारण समोरच्या बोटींवरचे गनर हातच लावेनात, उलट डेकवर येऊन हुर्रे ओरडायला लागले. 'गेओर्गी पोबेदोनोसेत्स' तर फुटून पोटेमकिनला येऊन मिळाली, पण दुसऱ्याच दिवशी तिच्यावरच्या झारच्या बाजूच्या लोकांनी ती ओडेसाच्या गाळात नेऊन रुतवली, आणि इथे हिंमत खचली.

पुढची गोष्ट कोळशाची. रुमानियातल्या कॉन्स्टँट्सा बंदराने सांगितलं शरण आलात तर या, एरवी काही मिळणार नाही. तिथून क्रिमियात फिओदोसियाला गेले, गावाने खायला दिलं पण कोळसा दिला नाही, तो घ्यायला गेलेल्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. गोडं पाणी संपलं म्हणून बॉयलरमध्ये समुद्राचं पाणी घालायची वेळ आली, म्हणजे इंजिनाची वाट लागलीच. ८ जुलैला पुन्हा कॉन्स्टँट्साला जाऊन बोट रुमानियाच्या हवाली केली.

बोट झारला परत मिळाली, नाव बदलून 'पान्तेलेइमोन' ठेवलं, तरी नोव्हेंबरात सेवास्तोपोलला लेफ्टनंट श्मिटच्या उठावात तीच बोट परत बंडखोरांच्या बाजूला. मात्युशेंको १९०७ मध्ये गुपचूप रशियात आला, पकडला गेला आणि सेवास्तोपोलमध्ये फासावर गेला. बरेच जण रुमानियातच राहिले. इव्हान बेशोव्ह नावाचा एक जण फिरत फिरत डब्लिनला पोचला, तिथे फिश अँड चिप्सचं दुकान टाकलं, आणि १९८७ मध्ये वारला.