आरतीतलं चुकीचं ऐकणं आणि चुकीचं समजणं

गणपती जवळ आले की मुलांच्या आरतीतल्या गमती फिरू लागतात आणि दोन निरनिराळ्या चुका एकाच माळेत ओवल्या जातात.

पहिली चूक कानाची. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना', 'वाट पाहे सदना'चं 'सजणा', 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे'. ही यादी तुम्हालाही पाठ असेल. अनोळखी शब्द आला की कान तिथे ओळखीचा शब्द बसवतो. फणिवर म्हणजे मोठा नाग हे पोराला ठाऊक नसतं, फळी मात्र घरात रोज दिसते. छापील आरती समोर धरली की हे मिटतं. त्यावर दरवर्षी नव्याने हसण्यासारखं काही नाही.

दुसरी चूक अर्थाची. ती कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण उच्चार अगदी शुद्ध असतो. 'सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची' ही पहिलीच ओळ घ्या. चाल 'विघ्नाची'पाशी थांबते, म्हणून मूल वाक्यही तिथेच संपवतं: गणपती सुख देतो, दुःख घालवतो आणि विघ्नाची बातमी आणतो! पुढचं 'नुरवी पुरवी' त्याला 'अघळपघळ'सारखं नादाचं जोडपं वाटतं. 'नुरवी' म्हणजे 'न उरवी', उरू देत नाही. आणि हे करणारी कोण, तर 'कृपा'. हा कर्ता थेट दुसऱ्या ओळीच्या टोकाला येतो: 'नुरवी पुरवी प्रेम कृपा जयाची'. ज्याची कृपा विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही आणि प्रेम पुरवते, असा तो. दोन्ही ओळी एका दमात वाचल्याशिवाय हे उलगडतच नाही.

'मनकामना पुरती'चंही तसंच. इथलं 'पुरती' म्हणजे 'पुरतात', पूर्ण होतात. 'रुणझुणती नूपुरे'मध्ये हेच जुनं रूप आहे. मुलाला मात्र 'पुरती फजिती'तलं 'पुरती' आठवतं. असा अर्थ शुद्ध उच्चाराआड लपून पन्नाशीपर्यंत सुखाने नांदतो.

म्हणून मुलाला नुसतं 'म्हणून दाखव' सांगू नका. 'विघ्नाचं काय होतं, आणि ते कोण करतं?' असं विचारा. पाठांतराच्या स्पर्धेत उच्चाराला गुण द्यायचे आणि अर्थाचा एकही प्रश्न विचारायचा नाही, हे मला अजिबात पटत नाही.