गिअर हळूच का पडतो? शिफ्ट किटमागची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुनी शेव्हरलेट किंवा डॉज बाळगणाऱ्या माणसाच्या गॅरेजमध्ये शिफ्ट किटचा खोका सापडतोच. खोक्यात फार काही नसतं. चार-दोन स्प्रिंगा, काही छर्रे, गास्केट, कधी एखादी पातळ पत्र्याची प्लेट आणि ड्रिलचा एखादा बिट. गाडी स्टँडवर चढवायची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उतरवायचा, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा ठरवणारा ठोकळा) खाली घ्यायची आणि या वस्तू सांगितलेल्या जागी बसवायच्या. एवढ्यावर गाडीची चाल बदलते. गिअर आधी सरकत-सरकत पडायचा, तो आता ठणकून पडतो.

मग कारखान्यानेच तो तसा का बनवला नाही? या प्रश्नासाठी ऐंशीहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

जनरल मोटर्सने (जीएमने) १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. तो बनवणाऱ्या चमूचा प्रमुख अर्ल थॉम्प्सन. गिअर घालताना होणारा खरखराट थांबवणारी सिंक्रोमेश रचना ही त्याचीच, ती १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आली होती. हायड्रामॅटिकमध्ये तेलातून जोर पोचवणारी कपलिंग होती आणि तिच्यामागे चार गिअर देणारे प्लॅनेटरी संच, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच. क्लचचं पेडल नाहीसं झालं. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स स्टुअर्ट एम-५ या हलक्या रणगाड्यात बसला आणि तिथेही टिकला. युद्ध संपल्यावर लोक रांगा लावून तो घेऊ लागले.

पण हायड्रामॅटिकचा गिअर बदलताना जाणवायचा. ब्युइकच्या महागड्या गाड्यांच्या गिऱ्हाइकाला हा धक्का नको होता. म्हणून १९४८ मध्ये ब्युइकने डायनाफ्लो आणला. त्यात गाडी चालू असताना गिअर आपोआप बदलतच नसे, सगळं काम टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे तेलातून जोर पोचवताना तो वाढवणाऱ्या यंत्रावर. गाडी लोण्यासारखी चाले, पण उठायला मंद आणि पेट्रोलला खादाड. शेव्हरलेटचा पॉवरग्लाइड १९५० मध्ये याच वाटेने आला. अमेरिकन मोटार उद्योगाने तेव्हा जे ठरवलं ते पुढची कित्येक दशकं टिकलं: ऑटोमॅटिक गाडीत बसलेल्याला गिअर बदलल्याचं कळता कामा नये. शोरूममधून घेतलेल्या पहिल्या फेरीत गिऱ्हाइकाला धक्का बसला, तर गाडी खपत नाही.

आता हे 'कळू न देणं' आतमध्ये कसं घडतं ते नीट पाहायला हवं, कारण शिफ्ट किटचं मूळ तिथेच आहे. गिअर धरायला मुख्यतः क्लच प्लेटांच्या चवडी असतात, एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी, अशी आळीपाळीने. पंपाने दाबलेलं तेल पिस्टनमागे शिरलं की चवड आवळली जाते. हे तेल कुठे, कधी आणि किती जायचं ते व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे आत वाटा कोरलेला ओतीव ठोकळा. तिच्या दोन भागांमध्ये सेपरेटर प्लेट नावाचा पत्रा असतो आणि त्या पत्र्याला भोकं. भोक लहान असेल तर तेल हळू भरतं, क्लच हळू आवळतो. शिवाय अ‍ॅक्युम्युलेटर असतो, म्हणजे स्प्रिंगवर बसलेला आणखी एक पिस्टन. आलेल्या तेलातलं थोडं तो स्वतःकडे घेतो, त्यामुळे क्लचवरचा दाब एकदम न चढता टप्प्याने चढतो. काही गिअरबॉक्समध्ये तर जुना गिअर पूर्ण सुटण्याआधीच नवा धरायला लागतो. या सगळ्यामुळे धक्का बसत नाही. पण तेवढा वेळ प्लेटा एकमेकींवर घासत असतात. त्या घासण्यातून उष्णता निघते, उष्णतेने तेल काळं पडतं, प्लेटांचं अस्तर झिजतं. दर गिअरला हा व्यवहार होतो. सौम्य चालवणाऱ्याला वर्षानुवर्षं काही कळत नाही. मागे ट्रेलर बांधणाऱ्याला, घाटात दौडणाऱ्याला आणि इंजिनचा जोर वाढवून घेतलेल्याला मात्र लवकर कळतं.

सगळ्यात आधी ते शर्यतवाल्यांना कळलं. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए ही शर्यतींची संस्था काढली आणि पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींना शिस्त आली. या शर्यतीत क्लच दाबून गिअर बदलताना जोर क्षणभर तुटतो, ऑटोमॅटिकमध्ये तो तुटत नाही. तिथे अडचण होती ती गिअरबॉक्सच्या मवाळपणाची. कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांनी दोघांच्या नावांची आद्याक्षरं घेऊन बी अँड एम सुरू केली, आणि हायड्रामॅटिक उघडून शर्यतीसाठी बांधून देण्यात तिने नाव कमावलं. क्रायस्लरमधल्या तरुण इंजिनिअरांचा रॅमचार्जर्स हा गट पुढे टॉर्कफ्लाइट या क्रायस्लरच्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या डॉज घेऊन उतरला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हातगिअरच्या गाड्यांना मागे टाकून दाखवलं. कारखान्यात काम करणारीच माणसं सुट्टीच्या दिवशी कारखान्याने केलेली तडजोड उलटी फिरवत होती. या इतिहासातला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो.

याच काळात असे गिअरबॉक्स आले की घरी जमिनीवर आडवं पडून काम करणाऱ्याला ते वरदान ठरले. टॉर्कफ्लाइट ७२७ हा १९६२ चा, जीएमचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा १९६४ चा, फोर्डचा सी-६ हा १९६६ चा आणि जीएमचा टर्बो ३५० हा १९६९ चा. या सगळ्यांची व्हॉल्व्ह बॉडी पॅनच्या लगेच वर असते. गिअरबॉक्स गाडीतून काढायची गरज नाही. वीसेक बोल्ट सोडले की तो ठोकळा हातात येतो. घरी करता येण्याजोगं काम म्हणून शिफ्ट किट रुजलं ते या रचनेमुळे.

किटला बंदिस्त खोक्याचं रूप देण्याचं मोठं श्रेय ट्रान्सगो या कंपनीच्या गिल्बर्ट यंगर यांना जातं. 'शिफ्ट किट' हे नाव ट्रान्सगोचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. यंगर यांची नजर मुळात दुरुस्तीवाल्याची. एखाद्या मॉडेलचा गिअरबॉक्स पुन्हा-पुन्हा त्याच गिअरवर जळून येत असेल, तर नुसत्या प्लेटा बदलून काय होणार? ज्या वाटेने तेल कमी पडतं ती वाट दुरुस्त करायला हवी. माझं स्पष्ट मत आहे की शिफ्ट किटची खरी योग्यता इथे आहे. मागची चाकं किंचाळायला लावणं हा त्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा उपयोग.

तेलाचीही एक उपकथा आहे. जीएमने १९६७ मध्ये डेक्स्रॉन तेल आणलं. त्यात घर्षण सौम्य करायला स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश असे. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त यादीत घातला आणि तो पुरवठा बंद झाला. पर्यायी रसायनं शोधताना तेलाच्या कूलरमधले सांधे गंजू लागले आणि सूत्र पुन्हा बदलावं लागलं. फोर्डच्या टाइप एफ तेलात मात्र असा सौम्य करणारा घटक नव्हता, त्यामुळे क्लच पटकन धरत. जीएमच्या गिअरबॉक्समध्ये टाइप एफ ओतणं हा अनेकांचा स्वस्तातला उपाय होता. तेलाचा दाब आणि वाटा त्याने बदलत नाहीत, म्हणून किटची बरोबरी तो करू शकत नाही.

घरी किट बसवण्याची पद्धत या अर्धशतकात फारशी बदललेली नाही. पॅन उतरवताना गरम तेल अंगावर येतं, म्हणून गाडी थंड होऊ देतात. व्हॉल्व्ह बॉडी सुटताना छर्रे खाली पडतात. कुठला छर्रा कुठल्या खळग्यातला हे आधी टिपून ठेवलं नाही तर पुढचं सगळं अंदाजावर जातं. बसवताना छर्रे जागेवर धरायला व्हॅसलीन लावतात, कारण ते तेलात विरघळून जातं. बेअरिंगचं ग्रीस लावलं तर ते विरघळत नाही आणि बारीक भोकं तुंबतात. प्लेटमधली भोकं सांगितलेल्या मापालाच, बहुधा दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास, मोठी करायची. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. कडांवर उठलेली धातूची कात साफ घासून काढायची, कारण एक बारीक कण व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. धागे सुटणारं फडकं वापरायचं नाही. बोल्ट टॉर्क रेंचने, मापात आवळायचे, नाहीतर ठोकळा वाकतो आणि व्हॉल्व्ह जाम होतात.

कडकपणालाही मर्यादा आहे. गिअर फार जोरात पडला की तो मार प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, डिफरन्शिअलवर आणि अ‍ॅक्सलवर जातो. टॉर्कफ्लाइट ७२७ मध्ये तर चुकीच्या व्हॉल्व्ह बॉडीमुळे पहिल्या गिअरचा बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) धरलेला राहिला नाही आणि एकदिशा क्लच (एकाच दिशेला फिरू देणारा) तुटला, तर आतला ड्रम प्रचंड वेगाने फिरून फुटू शकतो. ड्रॅग शर्यतीत गिअरबॉक्सभोवती संरक्षक कवच सक्तीचं झालं ते अशा धोक्यांमुळे.

मग संगणक आला. क्रायस्लरचा १९८९ चा अल्ट्राड्राइव्ह पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर होता. जीएमचा ४एल६०-ई १९९३ मध्ये आला. तेलाचा दाब आता सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, ठरवतो आणि गिअर बदलताना संगणक इंजिनचा जोर क्षणभर उतरवतो. स्प्रिंग आणि ड्रिलचं बरंचसं काम लॅपटॉपवर गेलं. तरी किट संपलं नाही, त्याचा रोख बदलला. ४एल६०-ई मध्ये सतत थरथरणाऱ्या व्हॉल्व्हमुळे अ‍ॅल्युमिनियमचं भोक झिजतं, टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच घसरतो आणि गाडीच्या संगणकात पी १८७० हा दोषाचा कोड लागतो. याच दोषासाठी खास किट निघाली. म्हणजे यंगर यांची दुरुस्तीवाल्याची नजरच पुढे टिकली.

अमेरिकेत किंवा कॅनडात जुनी गाडी घेऊन हौस करणाऱ्या मराठी माणसाला हे सगळं थेट उपयोगाचं. पुण्या-मुंबईत मात्र 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली वेगवेगळी यंत्रं येतात. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून पसरलेला एएमटी हा मुळात हातगिअरचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. त्याचा झटका क्लच सुटून जोर तुटल्यामुळे येतो. त्यात क्लचांच्या चवडी नाहीत, अ‍ॅक्युम्युलेटरही नाही, त्यामुळे तिथे शिफ्ट किटचा प्रश्नच येत नाही. सीव्हीटीमध्ये ठराविक गिअरऐवजी पट्टा आणि पुली असतात, म्हणून तिथेही नाही. शिफ्ट किटची गोष्ट लागू होते ती इनोव्हा क्रिस्टासारख्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांना, आणि तिथेही गिअर घसरत असेल तर आधी तेलाची पातळी आणि प्रकार, मग संगणकातले कोड तपासायचे. व्हॉल्व्ह बॉडीला हात लावायचा तो त्यानंतर.