कम्युनिटी कॉलेज ट्रान्सफर (कॅलिफोर्निया)

दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात (कम्युनिटी कॉलेजात) पदवीचा पूर्वार्ध पुरा करून, तिथे मिळवलेल्या श्रेयांकांच्या (क्रेडिट) बळावर चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची अमेरिकेतील पद्धत. ती देशभर आढळते; पण तिला सर्वांत नियमबद्ध रूप आले ते कॅलिफोर्निया राज्यात. तिथे ११६ कम्युनिटी कॉलेजे, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (यापुढे सीएसयू) आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यापुढे यूसी) अशी सार्वजनिक उच्च शिक्षणाची तीन अंगे आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः यूसीकडे, त्यातही बर्कली आणि लॉस अँजेलिस या चुरशीच्या कॅम्पसकडे जाणाऱ्या वाटेपुरती आहे.

उगम : पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचे जुने नाव) म्हणून इलिनॉयमधील जोलिएटचे नाव आणि १९०१ हे साल देण्याचा प्रघात आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएट हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हायस्कूलपुढचे दोन वर्षांचे वर्ग तिथे सुरू केले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी असल्याचे सांगितले जाते. मात्र हे साल जपून वापरावे. शाळेच्या मंडळाने या वर्गांना रीतसर मान्यता दिली आणि ते विनाशुल्क केले ते १९०२ च्या अखेरीस, आणि ‘जोलिएट ज्युनिअर कॉलेज’ हे नाव अधिकृत झाले त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. ‘ज्युनिअर कॉलेज’ हा शब्दप्रयोग त्याआधीचा आहे. हार्पर यांनी १८९२ मध्ये आपल्या विद्यापीठातील पदवी शिक्षणाचे दोन भाग पाडले होते. त्यांना ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज ही नावे १८९६ च्या सुमारास मिळाली. खाजगी संस्था धरल्या तर टेक्ससमधील डिकेटर बॅप्टिस्ट कॉलेज (सुमारे १८९८) आणि शिकागोतील लुईस इन्स्टिट्यूट (१८९६) यांचेही दावे पुढे येतात.

हा वाद ‘पहिले कॉलेज कोणते’ या प्रश्नाभोवती फिरतो. ट्रान्सफरच्या इतिहासासाठी तो प्रश्न दुय्यम म्हणावा लागेल. कॉलेज उघडल्याने ट्रान्सफर होत नाही. वरच्या विद्यापीठाने खालचा अभ्यास आपला म्हणून पत्करला तरच ते होते. या कसोटीने पाहता मिशिगनमधील सॅगिनॉचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिथल्या ईस्ट साइड हायस्कूलमध्ये १८९५ च्या सुमारास लॅटिन, बीजगणित, त्रिकोणमिती, इंग्लंडचा इतिहास असे विद्यापीठाच्या प्रथम वर्षाचे विषय शिकवले जात. मिशिगन विद्यापीठ ते मान्य करी आणि काही विद्यार्थ्यांनी त्यामुळे तीनच वर्षांत पदवी घेतली, अशी नोंद आहे. तिथे कॉलेज नव्हते, तरी ट्रान्सफर मात्र होते.

या कल्पनेमागे आरंभी गरिबांसाठी शिडी उभारण्याचा हेतू होता, हा समज बहुधा नंतरचा आहे. मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष हेन्री टॅपन, मिनेसोटा विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फोलवेल आणि पुढे हार्पर या सर्वांसमोर आदर्श होता जर्मन विद्यापीठांचा. पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण हे मुळात शाळेचेच काम असून जर्मनीत ते गिम्नाझियम या माध्यमिक शाळेत उरकले जाते. तेव्हा ते विद्यापीठाच्या अंगावरून उतरवावे, म्हणजे प्राध्यापक संशोधनाला मोकळे होतील, असा त्यांचा युक्तिवाद होता.

कॅलिफोर्नियातील विकास : राज्य सेनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या १९०७ च्या कायद्याने हायस्कूलना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचे वर्ग चालवण्याची मुभा मिळाली. अशा स्वरूपाचा हा अमेरिकेतील पहिला राज्य कायदा मानला जातो. (याच कॅमिनेटींनी १९१३ नंतर संघराज्याचे इमिग्रेशन आयुक्त म्हणून भारतीयांना अमेरिकेत येऊ न देण्यासाठी कंबर कसली होती. भारतीय वाचकाला हे ठाऊक असावे.) कायद्यात पैशाची तरतूद नव्हती. फ्रेझ्नो या शेतीप्रधान गावाने १९१० मध्ये त्याचा पहिला लाभ घेतला. जवळपास दोनशे मैलांत उच्च शिक्षणाची संस्था नाही, हे कारण तिथल्या शाळाधिकाऱ्यांनी पुढे केले होते. बर्कलीचे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन या दोघांनी त्यांना पाठिंबा दिला. १९१७ च्या कायद्याने सरकारी अनुदान आणि १९२१ च्या कायद्याने स्वतंत्र कॉलेज-जिल्हे आले.

कायद्यांइतकीच महत्त्वाची घटना विद्यापीठाच्या आत घडली. लँग यांच्या पुढाकाराने याच काळात बर्कलीने आपल्या पदवी अभ्यासक्रमाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळा काढला आणि पूर्वार्ध संपवणाऱ्यास ‘ज्युनिअर सर्टिफिकेट’ देण्याची पद्धत घातली. त्यामुळे चार वर्षांच्या सलग शिक्षणाला मधोमध सांधा पडला. बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्याला आत शिरायला जागा झाली ती या सांध्यातून. आजही ‘लोअर डिव्हिजन’ आणि ‘अपर डिव्हिजन’ हे शब्द तिथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात ते याच विभागणीमुळे.

सैनिकांना शिक्षणसाहाय्य देणाऱ्या १९४४ च्या कायद्यानंतर कॉलेजांत रीघ लागली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालापासून ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळले. कॅलिफोर्नियाची आजची घडी मात्र १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’ने बसवली. यूसीचे अध्यक्ष क्लार्क कर हे तिचे प्रमुख शिल्पकार; गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या सहीने तिला डोनाहो कायद्याचे रूप मिळाले. हायस्कूलमधील वरच्या १२.५ टक्के विद्यार्थ्यांना यूसी, वरच्या एकतृतीयांश विद्यार्थ्यांना सीएसयू आणि बाकी सर्वांना ज्युनिअर कॉलेज अशी वाटणी ठरली. त्याआधी विद्यापीठांची दारे याहून रुंद होती. ती अरुंद करताना मोबदला म्हणून ट्रान्सफरचे वचन दिले गेले: विद्यापीठांत उत्तरार्धाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ६० टक्क्यांवर न्यावे, म्हणजे खालून येणाऱ्यांना जागा राहील. करारांच्या भाषेत सांगायचे तर दार आकसणे लगेच अमलात आले, वचनाची फेड पुढे लांबत गेली. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्याशी २०१५ मध्ये झालेल्या समझोत्यात हायस्कूलमधून थेट आलेल्या दर दोन नवागतांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घेण्याचे यूसीने पुन्हा मान्य केले (मर्सेड कॅम्पस वगळून).

समकक्षता : या पद्धतीचा कणा म्हणजे ‘आर्टिक्युलेशन’, अर्थात अमुक कॉलेजचा अमुक कोर्स तमुक विद्यापीठाच्या तमुक कोर्सच्या जागी चालेल, असा लेखी करार. तो दोन पातळ्यांवर असतो आणि बहुतेक गोंधळ या पातळ्या एकच समजल्याने होतो. पहिल्या पातळीवर कोर्स यूसीत ‘ट्रान्सफरेबल’ ठरतो, म्हणजे त्याचे श्रेयांक एकूण बेरजेत धरले जातात. दुसऱ्या पातळीवर तो विशिष्ट कॅम्पसच्या विशिष्ट मुख्य विषयाची पूर्वअट भागवतो. पहिली पातळी सर्व कॅम्पसना समान असते. दुसरी कॅम्पसगणिक, कधी विभागागणिक बदलते. त्यामुळे कॅल्क्युलसचा एखादा कोर्स श्रेयांकांत मोजला जाऊनही अभियांत्रिकीच्या पूर्वअटीत न बसणे शक्य असते. हे करार ‘असिस्ट’ या राज्यस्तरीय संगणकीय भांडारात शैक्षणिक वर्षानुसार पाहता येतात.

करार नेहमी एकास एक नसतो. कॉलेजातील भौतिकशास्त्राची तीन सत्रांची मालिका विद्यापीठातील मालिकेशी सबंधच जुळवलेली असते. ती अर्धी एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्यात केल्यास जोड तुटू शकतो. बर्कली आणि मर्सेड येथे वर्षाचे दोन भाग (सत्रे), तर यूसीच्या पदवी देणाऱ्या इतर कॅम्पसमध्ये क्वार्टर पद्धत, म्हणजे दहा आठवड्यांचे लहान भाग. एक सत्र-श्रेयांक म्हणजे दीड क्वार्टर-श्रेयांक. तिसऱ्या वर्षासाठी किमान ६० सत्र-श्रेयांक (९० क्वार्टर) लागतात. लोअर डिव्हिजनचे ७० च्या वरचे सत्र-श्रेयांक पदवीच्या बेरजेत धरले जात नाहीत, मात्र त्या कोर्सने भागलेली विषयाची अट भागलेलीच राहते. किमान पात्रतेसाठी सात कोर्सचा साचा आहे. त्यात इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक कोर्स असतो, उरलेले चार इतर ज्ञानशाखांतून घ्यायचे असतात. ग्रेडची सरासरी राज्यातील रहिवाशांना ४ पैकी २.४ आणि इतरांना २.८ लागते. चुरशीच्या कॅम्पसवर ही सरासरी केवळ कागदोपत्री पुरेशी असते.

सामान्य शिक्षणाचा वेगळा साचा १९९१ पासून ‘आयगेट्सी’ या नावाने चालत आला. २०२१ च्या कायद्यानुसार यूसी आणि सीएसयू यांसाठी एकच ‘कॅल-गेट्सी’ साचा ठरला आणि २०२५ च्या शरद सत्रापासून लागू झाला: ११ कोर्स, ३४ सत्र-श्रेयांक. यूसीकडे जाणाऱ्यांनाही आता त्यात मौखिक संभाषणाचा कोर्स आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र या साच्यामागे न लागता गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगच्या पूर्वअटी आधी संपवाव्यात, असाच सल्ला समुपदेशक देतात. कोर्सचे क्रमांक सर्व कम्युनिटी कॉलेजांत सारखे करण्याचा कायदाही २०२१ चाच आहे.

प्रवेश : यूसीच्या सहा कॅम्पसना (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) ‘टॅग’ म्हणजे हमीचा प्रवेश आहे. ठरलेले कोर्स आणि ठरलेली सरासरी असली की जागा पक्की. मात्र हमी एकाच कॅम्पसकडे मागता येते आणि काही विषय वगळलेले असतात. तिचा अर्ज सप्टेंबरात, मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ताज्या ग्रेडची भर जानेवारीत, निकाल एप्रिलअखेर असे सर्वसाधारण वेळापत्रक असते. बर्कली, लॉस अँजेलिस आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत. सॅन डिएगो पूर्वी देत असे.

बर्कली आणि लॉस अँजेलिस येथे हायस्कूलमधून थेट अर्ज करणाऱ्यांपैकी अलीकडच्या वर्षांत साधारण दहांत एकाला, तर ट्रान्सफरचा अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण चारांत एकाला प्रवेश मिळतो. यूसीत निवडल्या जाणाऱ्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांत कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांचे विद्यार्थी बहुसंख्य असतात, कारण धोरणच त्यांना प्राधान्य देण्याचे आहे. यावरून ‘मागचे दार सोपे’ असा निष्कर्ष काढला जातो; तो सदोष आहे. इथवर अर्ज करणारे आधीच चाळणीतून आलेले असतात. राज्याच्या लेखापरीक्षकांच्या २०२४ च्या अहवालानुसार, ट्रान्सफरचा इरादा धरून कॉलेजात आलेल्यांपैकी पाचांत एकच चार वर्षांत पुढे गेला. शिवाय संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, व्यवसाय प्रशासन या विषयांत प्रवेशाचे प्रमाण कॅम्पसच्या सरासरीहून बरेच कमी असते.

सीएसयूसाठी २०१० च्या कायद्याने ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ आली. ती घेणाऱ्यास सीएसयूत जागेची हमी असते. यूसीला तो कायदा तसा लागू झाला नाही. राज्यघटनेच्या नवव्या कलमाने यूसीला १८७९ पासून स्वायत्तता दिलेली असल्याने विधिमंडळ तिला बहुतेक बाबतींत विनंतीच करू शकते, किंवा अनुदानाला अट जोडू शकते. मान्यतेची किल्ली वरच्या संस्थेकडे राहते, ती अशी.

मतमतांतरे : समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील कॉलेजच्या अभ्यासावरून १९६० मध्ये ‘कूलिंग आउट’ ही संकल्पना मांडली: कॉलेज सर्वांना आत घेते आणि मग चाचण्या, समुपदेशन यांच्या मार्गाने बहुतेकांच्या आकांक्षा हळूहळू खाली उतरवते. हा शब्द ठगांच्या बोलीतला. लुबाडलेल्या गिऱ्हाइकाने बोंब मारू नये म्हणून त्याची समजूत घालणे, असा त्याचा मूळ अर्थ. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी १९८९ मध्ये दोष कॉलेजांच्या धुरीणांकडे दिला. विद्यार्थ्यांची मागणी नसताना त्यांनी व्यवसायशिक्षणावर भर दिला, असे त्यांचे म्हणणे. अर्थशास्त्रज्ञ सेसिलिया राउस यांनी १९९५ मध्ये दोन परिणाम वेगळे मोजले: जे एरवी विद्यापीठात गेले असते त्यांचे वळवले जाणे, आणि जे एरवी कुठेच गेले नसते त्यांना संधी मिळणे. एकूण शिक्षणाची वर्षे वाढतात, पदवीच्या शक्यतेत मात्र फारसा फरक दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिन्हींत तो अधिक सावध आणि म्हणून अधिक ग्राह्य वाटतो.

ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या सत्रात गुण घसरण्याला ‘ट्रान्सफर शॉक’ म्हणतात. ही संज्ञा १९६५ पासून वापरात आहे. अठरा आठवड्यांच्या आसपासच्या सत्राची सवय असलेल्याला दहा आठवड्यांचा क्वार्टर अंगावर येतो, हे एक कारण. बहुतेकांचे गुण पुढे सावरतात.

खर्च : कम्युनिटी कॉलेजात १९८४ पर्यंत शिक्षणशुल्कच नव्हते. २०१२ पासून रहिवाशांना दर श्रेयांकामागे ४६ डॉलर पडतात. व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना याच्या कितीतरी पट भरावे लागतात, तरीही विद्यापीठाच्या तुलनेत ते कमीच. परदेशी विद्यार्थ्यांचा ओढा सँटा मोनिका, डी अँझा अशा कॉलेजांकडे आहे. यांपैकी डी अँझा क्यूपर्टिनोत, म्हणजे मराठी कुटुंबांची दाट वस्ती असलेल्या भागात आहे.

भारतीय साम्य : महाराष्ट्रात तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात जाण्याची सोय वरवर अशीच दिसते. फरक समकक्षतेचा आहे. इथे पदविकेचे विषय पदवीच्या प्रथम वर्षाच्या विषयांशी एकेक करून जुळवले जात नाहीत. मान्य पदविका आणि तिचे गुण एवढ्यावर पहिले वर्ष माफ होते, आणि गणितात मागे पडणाऱ्याची उणीव पुढे भरून काढावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये आणलेली श्रेयांक पेढी कॅलिफोर्नियाच्या पद्धतीला अधिक जवळची आहे, कारण तिच्यातही साठवलेला श्रेयांक शेवटी दुसऱ्या संस्थेने स्वीकारावा लागतो.