क्लेम घेतला, आता रिन्यूअल करताना काय बघायचं?

आमच्या सांगली आणि आसपासच्या गाडीमालक ग्राहकांसाठी

रिन्यूअलचा मेसेज आला की काही जण फोन करत नाहीत, सरळ ऑफिसात येतात. "मागच्या वर्षी दहा हजारांच्या आत भागलं होतं, आता सोळा हजार कसे? एकदाच क्लेम घेतला, तोही टेम्पोवाल्याने मागून ठोकलं म्हणून!" राग बरोबर आहे. पण पैसे नेमके कुठे वाढले हे कळलं, तर ते कमी कुठे करता येतील हेही कळतं. म्हणून हे पत्रक.

गाडीच्या 'फुल' पॉलिसीत दोन भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा. त्याचा दर सरकार ठरवतं. खासगी गाडी १००० ते १५०० सीसीची असेल तर २०२२ साली ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये. कंपनी कुठलीही घ्या, तुम्ही क्लेम घेतलेला असो वा नसो, हा आकडा तोच राहतो. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. त्याचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात आणि नो क्लेम बोनस मिळतो तो फक्त याच भागावर. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला थेट शून्य. चूक समोरच्याची होती का, हे इथे कोणी विचारत नाही. आपल्या पॉलिसीतून पैसे घेतले की बोनस गेला.

हिशोब मांडून बघू. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १०,००० रुपये धरा. ५० टक्के बोनस असताना ५,००० अधिक थर्ड पार्टीचे ३,४१६, त्यावर १८ टक्के जीएसटी: साधारण ९,९३१ रुपये. बोनस शून्य झाल्यावर तीच रक्कम १५,८३१. फरक ५,९०० रुपयांचा. म्हणजे बहुतेक वेळा मूळ दर वाढलेला नसतो, इतकी वर्षं मिळणारी सूट गेलेली असते. काही कंपन्या क्लेमनंतर स्वतःची वेगळी सवलतही आखडती घेतात. अशा वेळी कंपनी बदलून बघण्यात अर्थ आहे.

दुसऱ्या कंपनीकडे जाताना

क्लेम घेतलेल्या गाडीला दुसरी कंपनी घेत नाही, हा गैरसमज आहे. घेते. एकाच गाडीला चार कंपन्यांचे ओन डॅमेजचे चार आकडे येतात. मात्र तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, चारही ठिकाणी सारखीच ठेवा. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये बऱ्याचदा आयडीव्ही गुपचूप खाली आणलेली असते. पाच लाखांची गाडी चार लाखांवर दाखवली की प्रीमियम थोडा उतरतो, पण गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली की हातात लाखभर कमी येतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की टोटल लॉस धरतात, हेही लक्षात असू द्या.

गाडी नवी असेल तर थर्ड पार्टी सुरुवातीलाच तीन वर्षांची घेतलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजची पॉलिसी लागते आणि ती वेगळ्या कंपनीची चालते. शोरूमवाला याच्या उलट सांगत असेल तर आम्हाला फोन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला का?' असा प्रश्न येतो. तिथे 'नाही' टिचकवलं की आकडा झर्रकन खाली येतो. मोह होतो, कळतं आम्हाला. पण कंपन्या एकमेकींकडून बोनसची खातरजमा करतात, आणि खोटं उघडं पडतं ते नेमकं पुढच्या क्लेमच्या वेळी. पाच-सहा हजार वाचवायला जाऊन लाखाची दुरुस्ती अंगावर घेऊ नका. आमच्या ऑफिसातून असा फॉर्म भरला जाणार नाही, आग्रह करू नये.

कशाला कात्री लावायची

स्वेच्छेने घेतलेला डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले अमुक रुपये मी भरेन असं आधीच कबूल करणं. त्याच्या ठरलेल्या पायऱ्या २,५०० पासून १५,००० पर्यंत. जुन्या दरपत्रकात ५,००० च्या पायरीला जास्तीत जास्त १,५०० रुपये सूट होती आणि १५,००० च्या पायरीला २,५००. म्हणजे सूट हजाराने वाढते आणि जोखीम दहा हजारांनी. आम्ही सहसा ५,००० वरच थांबायला सांगतो.

गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर निघत असेल, तर चालवाल तेवढं भरा अशा प्रकारची पॉलिसी विचारा. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी दिली. निवृत्त मंडळींना ती चांगली बसते. दर रविवारी कोल्हापूर-पन्हाळा करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, किलोमीटर संपतात.

झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची घट न कापता क्लेम देणारं जादा कव्हर. त्याबद्दल आमचं मत असं: गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर ते काढू नका. ते नसेल तर प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजच्या गाडीला पुढून-मागून प्लॅस्टिकच जास्त.

आणि इंजिनचं कव्हर. गावभागात किंवा मारुती चौकाच्या आसपास राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर वेगळा सांगायला नको. पुरात गाडी बुडाली तर साधी फुल पॉलिसी चालते. पण पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं, तर या कव्हरशिवाय कंपनी ते नुकसान सहसा मान्य करत नाही. प्रीमियम कमी करताना लोक पहिल्यांदा हेच काढतात. नदीकाठच्यांनी ते शेवटी काढावं, खरं तर काढूच नये.

एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्ट नावाचं एक कव्हर मिळतं, त्यात क्लेम घेऊनही बोनस टिकतो. पण ते आधी घ्यावं लागतं. गाडी ठोकल्यावर अनेक जण त्याची चौकशी करायला येतात. तेव्हा उपयोग नाही.

पुढच्या वेळी क्लेम घ्यायचा की नाही

हा हिशोब गॅरेजवाला सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. तुमचा बोनस ५० टक्क्यांवर आहे आणि एक क्लेम घेतला. मग पुढची रिन्यूअल ०, २०, २५, ३५, ४५ अशी चढत सहाव्या वेळी पुन्हा ५० वर येतात. दर वर्षीची कमतरता जोडली तर एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या १२५ टक्के होते. वरच्या उदाहरणात १२,५०० रुपये, जीएसटी धरून १४,७५०. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज चुकत नाही.

आता फुटलेला बंपर घ्या. पार्ट ६,००० चा, मजुरी १,५००. झिरो डेप नसेल तर पार्टचे ३,००० आणि मजुरीचे १,५०० धरले जातात, त्यातून सक्तीच्या डिडक्टिबलचे १,००० वजा (१५०० सीसीपर्यंत एवढे, पुढे २,०००). हातात ३,५००. त्यासाठी बारा-चौदा हजार सोडायचे? खिशातून भरा आणि मोकळे व्हा. पण पॉलिसीचं पहिलंच वर्ष असेल तर गणित वेगळं: तोटा सगळा मिळून प्रीमियमच्या ५० टक्केच, म्हणजे जीएसटीसह ५,९००. तिथे पंधरा हजारांचा क्लेम बिनधास्त घ्यावा.

क्लेम नोंदवला, पण नंतर पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलं, तर कंपनीला लेखी कळवून माघार घ्या आणि रिन्यूअलआधी नोंद दुरुस्त झाली का ते बघा.

महाग वाटतं म्हणून पॉलिसी लोंबकळत मात्र ठेवू नका. थर्ड पार्टीशिवाय गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि खंड पडला की नवी पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी मागते. गाडी दहा-बारा वर्षांची आणि किंमत लाख-दीड लाख उरली असेल, तर नुसती थर्ड पार्टी घेऊन चालवायलाही आमची हरकत नाही. त्यात आम्हाला कमिशन कमी मिळतं, तरी सांगतो.

पॉलिसी संपायच्या निदान पंधरा दिवस आधी या. येताना आरसी, चालू पॉलिसी आणि क्लेम मंजुरीचं पत्र आणा. पत्र सापडत नसेल तर क्लेम नंबर चालेल.