फुप्फुस-संरक्षक व्हेंटिलेशन

गंभीर इजा झालेल्या (एआरडीएस) फुप्फुसाला व्हेंटिलेटरमुळेच आणखी इजा होऊ नये, म्हणून हवेचे माप आणि दाब मर्यादेत ठेवण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भात स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप), न्यूमोनिया, सेप्सिस किंवा विषबाधेनंतर हिची गरज पडते. अशा फुप्फुसाचा बराच भाग पाण्याने भरलेला असतो. उरलेल्या थोडक्या भागात नेहमीएवढी हवा कोंबली की तो ताणून फाटतो.

सुरुवात उंची मोजायच्या टेपने करावी. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिली जाणारी हवा) खाटेवरच्या वजनावरून नव्हे, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावरून ठरतो : पुरुषांसाठी ५० + ०.९१ × (सेंमीतील उंची − १५२.४), स्त्रियांसाठी ५०च्या जागी ४५.५. दीडशे सेंमी उंचीच्या शेतमजूर बाईचे अपेक्षित वजन ४३.३ किलो, किलोमागे ६ मिलि धरून २६० मिलि. मशीनवर आधीच्या रुग्णाचे ५०० तसेच राहिले, तर तिला किलोमागे साडेअकरा मिलि जातात. अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ मिलिच्या गटात ३९.८ टक्के, तर ६ मिलिच्या गटात ३१ टक्के रुग्ण दगावले. टेपसाठी दोन मिनिटे काढायलाच हवीत.

श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद रोखून प्लॅटो प्रेशर (हवा थांबलेली असतानाचा फुप्फुसातला दाब) पाहावे. ते ३० सेंमी पाण्याच्या आत हवे, आणि त्यातून पीप (उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेला दाब) वजा केल्यावर १५च्या आत. जास्त आले तर किलोमागे ५, मग ४ मिलिवर उतरावे. रुग्ण स्वतः जोर लावत असेल तर हा आकडा फसवा असतो. तो एकापाठोपाठ दोन श्वास ओढू लागला की ६चे १२ होतात. तेव्हा झोपेचे औषध वाढवावे.

श्वासाचा दर ३५पर्यंत नेता येतो. मात्र मशीनच्या पडद्यावरची उच्छ्वासाची रेघ शून्यावर येण्याआधी पुढचा श्वास सुरू झाला तर हवा साठते आणि बीपी पडतो. रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.२०च्या वर असेल तर वाढलेला कार्बन डायऑक्साइड चालवून घ्यावा. डोक्याला मार असल्यास नाही. ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९५ पुरे, शंभराचा हट्ट नको.

पीएओटू (धमनीतील रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) भागिले एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा अंश) १५०च्या खाली राहिल्यास रोज किमान १६ तास पालथे झोपवावे. याला वेगळे मशीन लागत नाही, चार-पाच माणसे लागतात. एकाने फक्त श्वासाची नळी धरायची.

सात घनमीटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला १० लिटरने जेमतेम साडेअकरा तास पुरतो. नागपूरला हलवताना त्याचा हिशेब आधी करावा. ॲम्ब्युलन्सच्या मशीनवर जोडण्यापूर्वी नळीला श्वास आत असताना चिमटा लावावा, नाहीतर पीप जाऊन उघडलेले फुप्फुस क्षणात मिटते.